पल्लांगुळीतली कंजी

देवळातली मूर्ती चोरली की शंभर गुण. मी मनचं सांगत नाही, असा एक गेम खरोखर होता. डोक्याला हॅट, पाठीला पिशवी अशा थाटात एक गोरा गृहस्थ भारतातल्या कुठल्याशा जुन्या देवळात शिरायचा. वाटेत पुजारी आडवे यायचे, तेही फेटे बांधून, तलवारी उपसून! त्यांना मारत गाभाऱ्यात पोचायचं, मूर्ती पिशवीत टाकायची आणि पळ काढायचा. मी तंजावूरची, तिथल्या मराठी घरातली. मोठ्या देवळाच्या गोपुरासमोरून रोज सायकल हाणत कामाला जाणारी. आमच्या पुजाऱ्यांकडे पळी-पंचपात्राखेरीज दुसरं हत्यार मी कधी पाहिलं नाही. आणि आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या देवळांतून मूर्ती खरंच चोरीला जात होत्या, गाव सुन्न होऊन बसत होतं. त्या चोरांना शंभर गुण कोण देतं, हे मला त्या गेम करणाऱ्याला गचांडी धरून विचारायचं होतं. तरी मी तो शेवटपर्यंत खेळले. अर्धवट सोडलेल्या गेमबद्दल बोलायचा हक्क माणसाला नसतो, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

मतं मला फार होती. बी. कॉम. झालेल्या, लग्न न ठरलेल्या मुलीला दुसरं काय असणार?

त्या वर्षांत तंजावुरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर सेंटरच्या पाट्या लागत होत्या. काल जिथे स्टीलची भांडी विकली जात होती, तिथे आज काचेचं दार, एसी आणि बाहेर चपलांचा ढीग. असंच एक सेंटर माझ्या थोरल्या चुलतभावाने काढलं होतं. आम्ही सगळी त्याला अण्णा म्हणायचो. सकाळी बायकांची बॅच असे, तिला मी शिकवायची. संध्याकाळी कॉलेजची मुलं येत. मधली दुपार मशीन नुसती पडून असायची, आणि ती दुपार माझी होती. अण्णाने त्यावरून कधी कुरकुर केली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही.

दर महिन्याला कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं आणि त्याबरोबर सीडी. तिच्यावर डझनांनी लहान लहान गेम असत. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत. कुणी एकट्याने, कुणी नवरा-बायकोने, कुणी दोन मित्रांनी मिळून, नोकरी सांभाळून घरी बसून केलेले. पहिला भाग फुकट. आवडला तर शेवटच्या पडद्यावर दिलेल्या पत्त्यावर डॉलर पाठवा, पुढचा भाग मिळेल. डॉलर! आमच्या घरी डॉलर हा शब्द फक्त अमेरिकेतल्या मावसभावाच्या संदर्भात निघायचा, तोही जरा आवाज खाली आणून. त्यामुळे जगातल्या निम्म्या गेमांचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. चोरांचा तो गेम तेवढा सबंध फुकट होता. दळभद्री माल असाच सबंध फुकट मिळतो.

पण ह्या एकांड्या माणसांच्या गेमांत एक गोष्ट होती, ती मोठ्या कंपन्यांच्या गेमांत नसायची. खेळता खेळता करणाऱ्याचा स्वभाव कळायचा. दोन टेकड्यांवर दोन रणगाडे आणि मधून वारा, असा एक गेम मुलांना फार आवडे. तोफेचा कोन धरायचा, जोर ठरवायचा आणि गोळा सोडायचा. मला त्याचा मनापासून संताप. कारण कॉम्प्युटरच्या रणगाड्याला वारा आधीच ठाऊक असायचा. आपण अंदाज बांधायचे आणि त्याने आकडा वाचायचा! वर तो मधूनमधून मुद्दाम चुकायचा, आपल्याला संशय येऊ नये म्हणून. हा गेम करणारा माणूस परीक्षेच्या हॉलवर देखरेख करायला ठेवायच्या लायकीचा नाही, असं मी मुलांना सांगितलं. ती हसली. मला सगळी अक्का म्हणायची, आणि अक्का रागावल्या की सेंटरमध्ये करमणूक व्हायची.

समुद्रावरच्या व्यापाराचा एक होता. गलबत घ्या, मिरी भरा, दुसऱ्या बंदरात विका. सुरुवातीला मी त्याच्यात अगदी गुंतून गेले. थोड्याच वेळात कळलं की एकदा चार गलबतं झाली की तुम्ही हरूच शकत नाही आणि एकदा पहिलं बुडालं की जिंकूच शकत नाही. पुढचं सगळं नुसतं बटण दाबणं. करणाऱ्याला हे दिसलं नसेल? दिसलं असणार. त्याला त्यात काही वावगं वाटलं नसेल, ह्याचा मला जास्त राग.

आवडलेलेही होते, नाही असं नाही. जमिनीखाली बोगदे खणत हिरे वेचायचा एक गेम एका नवरा-बायकोने केला होता. त्यातला दगड कधीही उगीच डोक्यावर पडला नाही. आपण खालची माती काढली असेल तरच पडायचा. मेलं की आपली चूक आपल्याला कळायची आणि तिथूनच पुन्हा सुरू करता यायचं. ती बाई आणि तिचा नवरा एकमेकांशी कधी खोटं बोलले नसतील, असं मला वाटायचं. आता हे मत म्हणजे अतीच झालं, पण होतं.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी सगळे गेम एकाच गोष्टीवरून जोखते. चित्रं कशी, आवाज कसे, ह्याचं मला काही नव्हतं. हरणाऱ्याला हा गेम कसं वागवतो, तेवढं मी बघायची. बहुतेक गेम हरलेल्याला उठवून लावत. लाल अक्षरांत 'गेम ओव्हर', वर एखादं टिंगलीचं वाद्य. काही गेम तर अपमान करत. हे मोजमाप माझ्यात आलं कुठून, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ते आमच्या घरातच होतं, रोज दुपारी चारची कॉफी झाल्यावर पाट मांडून बसायचं.

माझी आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली. ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली होती आणि आमच्याकडे राहायची. वर्षानुवर्षं बसने जाऊन-येऊन नोकरी केलेल्या बाईला घरी बसवलं की जे होतं ते तिचं झालं होतं. सगळ्यांच्या चुका तिला दिसायच्या. तिचा एकच विरंगुळा, पल्लांगुळी. लाकडी पाट, त्यात समोरासमोर सात-सात खळगे, प्रत्येकात पाच चिंचोके. एका खळग्यातले उचलायचे, पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं. संपले की पुढच्या खळग्यातले उचलायचे आणि पुन्हा टाकत जायचं. पुढचा खळगा रिकामा लागला तर त्याच्या पलीकडच्यातले सगळे आपले. खळग्यात बरोबर चार जमले की ती गाय, ती ज्याच्या बाजूची त्याने उचलायची. डाव संपला की आपापल्या चिंचोक्यांनी आपापले खळगे पुन्हा भरायचे. ज्याच्याकडे कमी पडतील त्याचे तेवढे खळगे बंद. पुढचा डाव तो तेवढ्या कमी जागेत खेळणार.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की हा तर त्या गलबतांच्या गेमचाच भाऊ. तसाच असता, पण शेवटी कंजी आहे.

हरता हरता एखाद्याकडे पाचसुद्धा चिंचोके उरले नाहीत, एकही खळगा भरता येईना, की कंजी. त्याने असतील तेवढे चिंचोके एकेका खळग्यात एकेक मांडायचे. आणि जिंकणाऱ्यानेही, त्याच्या मांडीशी ढीग का पडला असेना, तेवढ्याच खळग्यांत एकेकच मांडायचा. बाकीचा ढीग बाजूला सारायचा. मग बरोबरीने खेळ पुढे. कंजी म्हणजे पेज. आत्या सांगायची, "समोरचा कंजी प्यायला बसला कीं आपणही पानांत कंजीच वाढून घ्यावी. त्याच्यापुढें बसून सांबार-भात चेपूं नये." मला ती खेळात दयामाया कधी दाखवत नसे. लहानपणी मी रडले तरी माझी गाय तिने सोडली नाही. पण कंजी ही दया नव्हती, तो हक्क होता. आणि त्या हक्काची एक रीत होती. हरणाऱ्याने कंजी मागायची नाही. जिंकणाऱ्यानेच म्हणायचं, "आतां कंजी." हरणाऱ्याने तोवर गप्प बसायचं.

दोन चिंचोक्यांच्या कंजीवरून आत्याने सबंध पाट परत मिळवलेला मी पाहिला आहे. समोर माझी आई होती. आई नंतर दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

मासिकात एकदा जाहिरात आली. वाचकांनी स्वतः केलेले गेम पाठवावेत, निवडलेले पुढच्या सीडीवर येतील, करणाऱ्याच्या नावासकट. ती वाचून मी उठून उभीच राहिले. इतकी वर्षं लोकांच्या गेमांना शिव्या घालणारी मी, आता स्वतः काय करते ते दिसेल. मला एवढंच हवं होतं की हरणाऱ्याला उठवून न लावणारा एक गेम त्या सीडीवर जावा आणि तो माझा असावा.

मी पल्लांगुळी करायला घेतली. प्रोग्रॅमिंग मला येत होतं, पण बायकांच्या बॅचला शिकवण्यापुरतं. एकेक चिंचोका पडद्यावर पडताना दिसायला हवा होता. सगळे एकदम पडले तर तो खेळ कसला? कॉम्प्युटरला वारा आधी ठाऊक असणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणजे त्याने आपल्यासारखंच एकच चाल पुढचं पाहायचं, जास्त नाही. आत्याला मी सेंटरमध्ये घेऊन जायची. ती चपला काढायला कां-कूं करायची, एसीत पदर घट्ट लपेटून बसायची आणि स्क्रीनकडे पाहून माझी चूक काढायची.

"हें काय? तुझी पेटी माझी गाय खाल्ली."

"आत्ते, चौथा तिच्या बाजूला पडला."

"माझ्या बाजूला पडला. नीट पाह. गणित शिकवलें मी, तूं नव्हे."

तिचंच बरोबर निघायचं. मी घरी येऊन आदळआपट करायची, दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त करायची. त्या महिन्यांतलं सगळ्यांत अवघड काम कंजी होतं. प्रोग्रॅम अवघड नव्हता, पण जिंकणाऱ्याचा ढीग बाजूला सरला हे समजणार कसं? शेवटी मी कॉम्प्युटरचा ढीग हळूहळू, एकेक चिंचोका करत, पडद्याच्या कडेला सरकवला. मग क्षणभर सगळं थांबायचं. मग खाली अक्षरं यायची, आता कंजी. पल्लांगुळी जिंकणाऱ्याने जसं म्हणायचं असतं तसंच. आत्याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मुद्दाम हरली होती, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "शहाणी आहे पेटी." माझ्याबद्दल काही बोलली नाही. माझ्याबद्दल ती कधीच काही बोलायची नाही. पण घरी परतताना वाटेत तिने स्वतःहून मला मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. हसू येईल, पण तो गजरा सुकून काळा पडला तरी मी टाकला नाही.

फ्लॉपी मी अण्णाच्या हातात दिली. सेंटरच्या नावाने, सेंटरच्या टपालातून गेली तर मासिकवाले मनावर घेतील, असं तो म्हणाला, आणि त्यात काही खोट नव्हती. पहिल्या पडद्यावर सेंटरचा पत्ता घालतो म्हणाला, मी घाला म्हटलं. त्यापलीकडे माझी काही तक्रार नसायला हवी होती.

गेम निवडला गेला. मासिक आलं, सीडी आली. सेंटरमध्ये अण्णाने सगळ्यांना केसरी, म्हणजे आमच्याकडचा केशरी शिरा, वाटली. मुलं मला अभिनंदन म्हणत होती, एकजण तर म्हणाला, आता अक्का दुसऱ्यांच्या गेमांना नावं ठेवणार नाहीत. मी सीडी घातली. पडद्यावर माझं नाव आलं. मी खेळत गेले, मुद्दाम हरत गेले, कारण मला सगळ्यांना तो ढीग सरकताना दाखवायचा होता. माझ्याकडे तीन चिंचोके उरले. आणि लाल अक्षरांत आलं, गेम ओव्हर.

मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. मी पुन्हा खेळले. पुन्हा तेच.

"अण्णा, हे काय आहे?"

अण्णा केसरीची ताटली हातात घेऊन हसतच होता. "अगं तें? आपल्या पोरांना खेळायला दिलें होतें. सगळे म्हणाले, शेवटी प्रोग्रॅम अडकतो. ढीग सरकतो, थांबतो, कळतच नाहीं जिंकलों कीं काय झालें. मी त्या लायनी काढल्या. क्लीन झालें कीं नाहीं?"

"अडकत नव्हता. कंजी होती ती."

"ठाऊक आहे मला कंजी. आपल्या घरांत खेळतच होतों कीं." तो जरा गंभीर झाला. "पण विचार कर. जिंकलेला माणूस आपला ढीग बाजूला कां ठेवेल? बाहेरच्या लोकांना हें कळणार नाहीं. आतां कॉम्पिटिशनचे दिवस आहेत, म्मा. लोकांना जिंकायचें असतें."

मी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं. आमच्याकडे थोरल्या भावाला 'तू' म्हणणं म्हणजे कानाखाली वाजवण्यासारखंच. "तू कोण काढणारा? तुला कुणी विचारलं? माझा गेम आहे तो!" अण्णाचं तोंड पडलं. त्याला खरोखर कळत नव्हतं मी का रागावले. त्याने तर माझं भलंच केलं होतं. नाव छापून आणलं होतं. केसरी वाटली होती. ह्या जातीच्या माणसांचा मला सर्वांत जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मी मासिकाला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार सभ्य होता. म्हणाला, सीडी छापून झाली, देशभर गेली, आता त्यात काही करता येत नाही. एकच गेम दोनदा छापत नाहीत. दुसरा काही असेल तर जरूर पाठवा. मी ज्यांना ज्यांना माझा मूळ गेम फ्लॉपीवर देता आला त्यांना दिला. पण फ्लॉपी खराब होतात. ती सीडी मात्र टिकली. तिच्या नकला निघाल्या. चेन्नईला, बंगळूरला आमच्या नातेवाइकांच्या घरी तीच गेली. लग्नाकार्यात मला कुणीतरी गाठायचं आणि म्हणायचं, तुझा गेम आमच्याकडे आहे हं, मुलं खेळतात, पण पटकन संपतो. मी हसून विड्याचं पान पुढे करायची. दात-ओठ खात हसणं म्हणजे काय ते मला त्या वर्षांत नीट कळलं.

त्यानंतर मी गेम केला नाही. पुढे नोकरीसाठी पुण्याला आले, देवनागरी लिहायला-वाचायला नीट शिकले, आणि इथल्या लोकांनी माझ्या मराठीला 'गोड' म्हटलं की त्याचाही मला राग येऊ लागला. पण ते निराळं.

मी पुण्याला जाण्याआधीच्या पोंगलला माझा सख्खा भाऊ चेन्नईहून सहकुटुंब आला होता. त्याची मुलगी तेव्हा सातएक वर्षांची असेल. तिचं मराठी सगळं समजण्यापुरतं. बोलताना दोन शब्दांनंतर तमिळ सुरू. आत्या तिच्याशी काय बोलणार, म्हणून दोघी दोन टोकांना बसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉफी झाल्यावर आत्याने सवयीने पाट काढला. पोरगी धावत आली.

"मला येतें हें! आत्तेचा गेम!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी गजऱ्याच्या दिवशीही पाहिला नव्हता. तिच्यानंतर हा पाट माळ्यावर जाणार, असं ती नेहमी म्हणायची. "बैस, बैस," म्हणाली, आणि स्वतः चिंचोके मोजून तिचे खळगे भरून दिले.

पोरगी खरंच तयार होती. हात भरभर चालत होता. गाय झाली की "पसु!" म्हणून ओरडायची आणि झडप घालायची. आत्या तिला एकही चाल सोडत नव्हती, तरी हरत गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिला लांबच्या खळग्यांतले चिंचोके नीट दिसत नसत. एक डाव गेला, दुसरा गेला. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. आत्याचे खळगे एकेक बंद होत गेले, आणि ती मात्र खुशीत होती. भावाला हाक मारून म्हणाली, "पाहिलास? तुझी लेक गणितांत जाणार."

मग आत्याच्या हातात दोन चिंचोके उरले. तळहात उघडा धरून ती बसली. पोरीने म्हणायची वाट बघत.

मला कळलं पुढे काय होणार. इतक्या उशिरा कळलं की सोललेली शेंग हातातच राहिली. पोरीने दोन्ही हातांनी पाटावरचे सगळे चिंचोके आपल्याकडे ओढले आणि ओरडली, "गेम ओव्हर! मोठी आत्ते औट!"

आत्या तशीच बसली होती, हात उघडा. तिला मागता येत नव्हतं. रीतच तशी. ती थोडा वेळ पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली, आता म्हणेल, मग म्हणेल. शेवटी मीच म्हणाले, "अगं, आता कंजी म्हणायचं असतं. मोठी आत्ते दोन मांडणार, तूही दोनच मांड."

"नो," पोरगी म्हणाली, अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तशी. "अप्पडि इल्ले. तुझ्या गेममध्यें तसें नाहीं."

"तो गेम चुकीचा आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून भावजय बाहेर आली. पोरीचे डोळे भरले. चिंचोके तिने पोटाशी धरले होते, कुणी काढून घेईल म्हणून. मला अण्णाचा राग आला, त्या सभ्य मासिकवाल्याचा आला, सेंटरमधल्या त्या पोरांचा आला ज्यांना एक क्षण थांबलेला पडदा सहन झाला नाही. आणि माझ्यासमोर होती एक सात वर्षांची मुलगी, जिने तिला शिकवलं गेलं ते अगदी बरोबर करून दाखवलं होतं.

"तिच्यावर ओरडूं नकोस," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नवा नियम वर्गाच्या फळ्यावरून लिहून घ्यावा तसं तिने नीट विचारलं, "आतां असें आहे कां?"

मी नाही म्हणाले. नाही, नाही, असं नाही, अण्णाने काढलं, सीडीवर तसं गेलं, मी नाही काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही आणि मला सगळं कळतं, ह्यावर तिचा पक्का विश्वास होता. मी तिला बरं वाटावं म्हणून बोलते आहे असं तिला वाटलं असावं.

"सरी, बरें," म्हणाली. आणि उघड्या हातातले ते दोन चिंचोके तिने पोरीच्या ओंजळीत टाकले. "घे. मी हरलें."

मला आठवतंय तेव्हापासून हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. पोरगी लगेच हसली, डोळे पुसून तिने पाट माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, आता कोण?